पाणपोईचं तोंड उघडं ठेवण्याबाबत

मी, लल्ला बतूल बिन्त तय्यब स्कल्ली, वय चौऱ्याहत्तर, राहणार फेस शहराचा जुना भाग, अल्लाला स्मरून आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे मी म्हणत नाही, गेल्या महिन्यात न्यायाधीशांनी म्हटलं. ते त्यांना का म्हणावं लागलं, ते पुढे येईल.

१. मला मूलबाळ नाही. मिळकतीचे दोन तृतीयांश शरीयतप्रमाणे माझ्या भावाचा मुलगा जलाल याला जातील. तिथे माझा इलाज नाही. उरलेला एक तृतीयांश माझ्या मर्जीचा, आणि ती मर्जी मी पुरेपूर चालवणार आहे.

२. त्यातून माझं स्वयंपाकघर, त्याच्या भिंतीतली दगडी पेटी आणि बाहेरच्या अंगाची पाणपोई मी गल्लीतल्या मशिदीच्या धर्मादायाला देते. नदीचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला वाटलं जातं आणि मातीच्या नळांतून, गल्ल्यांच्या पोटातून आमच्या पेटीत येतं. पेटीला दोन तोंडं: एक आमच्या चौकाकडे, दुसरं गल्लीकडे. माझ्या पणजोबांनी गल्लीचं तोंड मुद्दाम खाली ठेवलं. पाणी आटलं तर आधी घर कोरडं पडावं, गल्ली नव्हे.

३. जलालने वाटणीत आलेल्या अर्ध्या घरात हॉटेल काढलं, चौकात पोहायचा तलाव केला. सगळं पाणी तलावात यावं म्हणून, मी मक्नासला गेले असताना त्याने ते गल्लीकडचं खालचं तोंड सिमेंटने बुजवलं. जाब विचारला तर म्हणतो, "आत्या, आता घरोघरी नळ आलेत. त्या पाणपोईवर मांजरसुद्धा फिरकत नाही."

"रहमा येते ना! तिच्या खोलीत कुठलाय नळ?"

"मग तिने खोली बदलावी."

समोरची रहमा लोकर कातून पोट भरते. ती उताराखालच्या सार्वजनिक नळावरून चढणीने पाण्याचे डबे वाहू लागली. उन्हाळ्यात पडली, मनगट मोडलं. त्या दिवशी मी नवऱ्याची छिन्नी-हातोडी काढली आणि दुपारभर बसून सिमेंट फोडलं. तलावाची धार थांबली, पाहुणे ओरडले, आणि जलाल न्यायालयात गेला: म्हातारीला वेड लागलंय, तिचा कारभार माझ्याकडे द्या.

न्यायाधीशांनी विचारलं, "आजी, स्वतःचीच भिंत का फोडलीत?"

"भिंतीला ओरखडाही नाही, साहेब. फोडलं ते ह्याचं सिमेंट. ह्यालाच विचारा, ते तिथे कशाला होतं."

अर्ज फेटाळला गेला.

४. छिन्नी-हातोडी रहमाला. पुन्हा कोणी तोंड बुजवलं तर तिने परवानगीची वाट पाहू नये.

५. माझं अखेरचं स्नान पाणपोईच्या पाण्याने घालावं. जलालला खांदा द्यायचा असेल तर देऊ द्यावा; पण त्याच्या हॉटेलातलं जेवण माझ्या नावाने कोणी जेवू नये. परत येताना त्याला तहान लागली, तर पाणपोईवर कोणी अडवू नये. त्याने रहमाच्या मागे रांगेत उभं राहावं आणि आपली पाळी आली की प्यावं.

लिहून देणार: बतूल स्कल्ली (सही)
साक्षीदार: मफद्दल बेन्नीस (सही), अब्देलवाहिद शामी (सही)
फेस, २३ नोव्हेंबर २००४