कुठल्या राज्याकडे?

मानेसर, ३ फेब्रुवारी

ती. मामांस शार्दूलचा सा. न. वि. वि.

तुम्ही माझा फोन ब्लॉक केलाय, म्हणून हे पोस्टाने. मंत्रीसाहेबांच्या बंगल्यावरून बोलतोय असं सांगून तुम्हाला फाइल घेऊन गेटवर उभं केलं, ती माझी चूक. पण ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहा असं मी म्हणालो नव्हतो. तो तुमचा स्वभाव.

आज मस्करी नाही. विजयाताईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्यात, प्रेसवर. गाडीचे पत्र्याचे पार्ट दाबायचं मशीन असतं ते. पुढची जाळी काढून ठेवलेली, का तर जाळी असली की माल कमी निघतो. शेजारच्या मशीनवरच्या सोनमने सगळं डोळ्यांनी बघितलं. ठेकेदाराने ताईला स्वतःच्या गाडीत घालून एका प्रायव्हेट दवाखान्यात नेलं, आणि तिथे काय लिहवलं माहितीये? घरी मिक्सरमध्ये हात गेला.

मामा, आमच्याकडे मिक्सर नाही. ताई चटणी खलबत्त्यात कुटते. खोटं बोलायचं तर आधी घर तरी बघून जावं माणसाने!

कारखान्यात झालं असं कागदावर आलं तर कामगार विम्यातून इलाज आणि पुढे पेन्शन. घरी झालं तर ठेंगा. विष्णूभाऊजी ठेकेदाराकडे गेले, तर तो म्हणाला, बीवी को संभालो, भाई, मिक्सर चलाना सिखाओ.

तुम्ही श्रम मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आई तिकडे विट्यात सगळ्यांना सांगते, माझा भाऊ दिल्लीत देशभरच्या कामगारांचं बघतो. देशभरचं बघून झालं असेल तर जरा भाचीचं बघा.

कळावे. लोभ असो नसो, उत्तर असावं.

तुमचा ब्लॉक केलेला,
शार्दूल


आर. के. पुरम, ७ फेब्रुवारी

चि. शार्दूल यास अनेक आशीर्वाद.

विजयाचं वाचून तुझ्या मामीला घास गेला नाही. ती रविवारी डबा घेऊन येते आहे. विजयाला म्हणावं, धीर सोडू नकोस.

आता कामाचं. तुझ्या आईला मी वीस वेळा सांगितलं आहे की आमचं मंत्रालय म्हणजे गावचा चौक नव्हे, की कुणीही यावं आणि गाऱ्हाणं सांगावं. आम्ही कायदे आणि धोरण बघतो. आमच्याखाली वेगवेगळी दारं आहेत. पीएफचं वेगळं, कामगार विम्याचं वेगळं, खाणींच्या सुरक्षेचं वेगळं. रेल्वे, खाणी, बंदरं, बँका इथले तंटे केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जातात. खाजगी कारखान्याची तपासणी आमच्याकडे येत नाही. ज्याच्या अखत्यारीत जे, त्याला कायद्यात समुचित सरकार म्हणतात. मी स्वतः तर परदेशी परिषदांच्या विभागात आहे. शिष्टमंडळ जिनिव्हाला निघालं की त्यांची भाषणं आणि तिकिटं माझ्याकडे असतात. बोटं माझ्याकडे येत नाहीत.

तेव्हा विष्णूला सांग, हे राज्याचं काम आहे. राज्याच्या कामगार खात्याकडे जा. अपघाताची तक्रार तिथे नोंदव. विम्याचं त्यावरून पुढे होईल.

नात्यातल्या कामासाठी मी खुर्ची वापरत नाही. हा माझा नियम तुला माहीत आहे. राग मानू नये.

तुझा मामा,
उदयसिंह


मानेसर, १६ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार घ्या, पण आज साष्टांग वगैरे नाही.

तुमचं पत्र भाऊजींनी वाचलं, बॅग भरली आणि सरळ मुंबईची गाडी पकडली. मी ड्यूटीवर होतो. परत आलो तर ताई म्हणाली, ते मंत्रालयात गेले. मी म्हटलं, मामांच्या? तर म्हणाली, नाही रे, आपल्या. राज्याच्या.

कळलं का काय झालं ते? विट्याच्या माणसाला राज्य एकच असतं, मामा. मंत्रालयही एकच असतं, मुंबईतलं. तुम्ही लिहिलंत राज्याकडे जा. तो बिचारा महाराष्ट्राकडे गेला! तिथे एका भल्या बाईंनी पाणी दिलं आणि समजावलं की कारखाना हरियाणात, बोटं हरियाणात गेली, तर राज्यही हरियाणा. हरियाणाचं ऑफिस आमच्या खोलीपासून शेअर ऑटोने जाता येतं. भाऊजी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलेत. मी हसवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी मला चप्पल मारली.

समुचित लिहायला तुमच्याकडे जागा होती. जिनिव्हा लिहायला जागा होती. हरियाणा लिहायला नव्हती?

भाऊजी तिकडे असताना ठेकेदाराने सोनमला काढून दुसरीकडे पाठवलं. कुठे, कुणी सांगत नाही. फोन बंद. बाकीच्या बायका आता म्हणतात, हमने कुछ नहीं देखा. मी त्यांना काय बोलू? त्यांचीही बोटं रोज त्याच मशीनखाली जातात.

आणि ऐका. काल ठेकेदाराचा माणूस खोका घेऊन आला. दीदी के लिए, म्हणाला. खोक्यावर चित्र होतं, आत कोरा मिक्सर, तीन भांड्यांचा! कुणी बघायला आलं तर घरात मिक्सर दिसावा म्हणून. मी ड्यूटीवर, भाऊजी भिंतीकडे. ताईने खोका दाराबाहेर फेकायला घेतला. एका हाताने उचलेना, म्हणून राहिला.

पुढच्या आठवड्यात मी ठेकेदाराला फोन करणार आहे. मंत्रालयातला मोठा साहेब बनून. आवाज मला येतो, तुम्हाला माहीतच आहे.

लोभ वगैरे तुमच्या अखत्यारीत येत असेल तर असू द्या.

शार्दूल


आर. के. पुरम, १९ फेब्रुवारी

शार्दूल,

तो फोन केलास तर या घराची पायरी चढू नकोस. गाढवा, एकदा खोटा साहेब सापडला की खरी बोटंसुद्धा खोटी ठरतात. मग ठेकेदार म्हणेल, हे सगळं कुटुंबच नाटकी आहे, आणि तुझ्याकडे बघून लोकांना ते पटेलही.

विष्णूची कमाल आहे. हरियाणात राहतो, हरियाणात मजुरी करतो, वीजबिल हरियाणाचं भरतो, आणि राज्य म्हटलं की मुंबई? पत्र डोळे उघडे ठेवून वाचायचं असतं.

खोका उघडू नका. टेपला नखही लावू नका. ठेकेदाराचा माणूस परत आला तर गोड बोला.

शुक्रवारी मी रजा टाकली आहे. मेट्रोच्या गुडगावच्या शेवटच्या स्टेशनवर दहाला ये. विजया आणि विष्णूला आण. तोंड बंद ठेवता येत असेल तरच तू ये.

मामा

ता. क. शार्दूल, मी मामी. तुझं पत्र वाचून यांनी ताट सरकवलं, मग भाजीत मीठ नाही म्हणून मला ओरडले. भाजीत मीठ होतं. रात्रभर राज्य, राज्य, असं पुटपुटत होते. ताईची काळजी घे. — कौशल्या


मानेसर, ५ मार्च

ती. आईस शार्दूलचा शि. सा. न. वि. वि.

मामांनी तुला फोनवर सांगितलं असेल, पण ते मीटिंगचा वृत्तांत वाचल्यासारखं सांगतात. तू म्हणालीस गल्लीत वाचून दाखवायचंय, म्हणून नीट लिहितोय.

शुक्रवारी कामगार ऑफिसात गेलो. क्लार्कने मामांना विचारलं, आप कौन? मला वाटलं आता छाती पुढे काढून मंत्रालय सांगतील. म्हणाले, लड़की का मामा. मी तोंड उघडलं तर असा चिमटा काढला की अजून निळा आहे. क्लार्क म्हणाला, हे ठेकेदार आणि तुमच्यातलं, आपस में देख लो. त्यावर मामा उठले. आई, तुझा तो इस्त्रीचा शर्ट घालणारा भाऊ विट्याच्या बाजारात ओरडावं तसा ओरडला, आणि तेही मराठीत! आपसात कशाला बघू, पोरीची बोटं आपसात गेलीत का रे? क्लार्कला एक शब्द कळला नाही. पण अर्ज घेतला.

पुढच्या आठवड्यात तपासणीला मॅडम आल्या, हरियाणाच्याच. ठेकेदार हात जोडून म्हणाला, ये तो पैकिंग में थी जी, प्रेस पे कभी नहीं. घरी मिक्सरमध्ये झालं, घर बघून घ्या. मॅडम म्हणाल्या, चलो.

सगळी वरात आमच्या खोलीत. मामा पुन्हा रजा टाकून आलेले. ठेकेदाराने लांबूनच कोपऱ्यातला खोका दाखवला आणि म्हणाला, यही है जी, इसी में. त्याला वाटलं आम्ही तो वापरायला काढला असणार. मॅडमनी खाली वाकून टेपवरून हात फिरवला. मग विचारलं, बंद डिब्बे में उँगली किस रास्ते गई? आई, ठेकेदाराचं तोंड तू बघायला हवं होतंस. मला हसू आलं. ताईला नाही आलं. मग माझंही गेलं.

कारखान्यात मशीनवर आता जाळी बसली आहे. ताईला विम्याच्या दवाखान्यात घेतलंय. सोनमचा अजून पत्ता नाही, आणि मी शोधणं सोडलेलं नाही. म्हणजे सगळं गोड झालं असं गल्लीत सांगू नकोस.

एक राहिलंच. खोलीत मॅडमनी जबाब लिहायला घेतला आणि विचारलं, कुठे झालं. मी बोलायला लागलो, भाऊजी बोलायला लागले, मामांनी तर कायद्याचं कलम सुरू केलं. ताई म्हणाली, तिघेही गप्प बसा, बोटं माझी आहेत. मग म्हणाली, प्रेस पर. जाली नहीं थी. मैंने बोला था जाली लगाओ. मॅडमनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि उजव्या हाताच्या पट्ट्या बघून शाईचा डबा पुढे केला. ताई म्हणाली, अंगठा नाही, सही.

डाव्या हाताने करायला बसली. ठेकेदार घड्याळ बघायला लागला, तसे मामा त्याच्याकडे असे वळले की त्याने घड्याळ बाहीखाली घातलं. ‘विजया’मधला ज आडवा पडला. मॅडम म्हणाल्या, दूसरा कागज़ दूँ? ताई म्हणाली, नको. असाच जाऊ दे. वाचणाऱ्याला कळू दे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना टपली. वाचताना आवाज मोठा ठेव, आणि आपल्या या पोरावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
शार्दूल