बोराटीवरचा नाकतोडा

बुधवार, संध्याकाळ.

नाकतोडा काट्यावर टोचला कुणी, हे दिवसभर डोक्यात होतं. सकाळी चुलीसाठी शेताच्या कुंपणातली बोराटीची फांदी ओढून काढली, तेव्हा तो दिसला. बराबर मधोमध टोचलेला. वाटलं, मामंजींचा उद्योग. विचारलं तर भडकलेच. "मला दुसरा धंदा न्हाई का?"

दुपारी चोर सापडला. चोर कसला, मालकच! चिमणीहून जरासा मोठा, शिकार काट्याला टोचून साठवणारा खाटीक पक्षी, डोळ्यांवर काळी पट्टी. चोचीत किडा धरून फांदीच्या रिकाम्या जागेभोवती घुटमळत होता. म्हणजे मी त्याची भाकरीची टोपलीच पळवली होती की! आणि हाच सकाळी दुसऱ्या पाखरांच्या नकला करत इतका गोड गात होता? एवढ्याशा गळ्यात गाणंही आणि खाटीकखानाही, कसं काय?

फांदी परत खोचली. मामंजी हसले. "आता पाखरासाठी कुंपण करून राह्यली का?"

मंग चुलीला काय? तुराट्या नेल्या. निघताना वळून पाहिलं, तर मामंजी कुंपणापाशी वाकलेले. माझी फांदी फिरवून लावत होते, नाकतोडा वरच्या बाजूला यावा म्हणून.