शनिवारची उपकारस्तुती

आई, आज दुपारी माझ्या घरी उपकारस्तुती झाली. तू असतीस तर सकाळपासून पदर खोचून घरभर फिरली असतीस आणि मी तुझ्यावर चिडले असते. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी आज मी चिडलेच. तुझ्या जावयाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, माणूस धडधाकट घरी आला, आता जिनेही चढतो. मंडळीतल्या बायका दर रविवारी चर्चच्या दारात मला धरायच्या, "घरी प्रार्थना ठेवून देवाचे आभार नकोत का मानायला? उपकारस्तुती कधी ठेवताय?" पाच महिने मी टोलवाटोलवी केली. काय सांगणार त्यांना? की आमच्या घरी एकदा उपकारस्तुती ठेवली होती आणि तेव्हापासून त्या शब्दाचीच मला चीड आहे?

लासुर्ण्याचं आपलं दोन खोल्यांचं घर आज दिवसभर डोळ्यांपुढे होतं. मागच्या भिंतीला लागून ऊस, स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याची पाती आत यायची. धाकटीला कावीळ झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मी तेराची. दोन आठवड्यांनी तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा जरा उतरला, तिनं भाकरीचा तुकडा मागून खाल्ला, आणि तू लगेच चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून आलीस की येत्या शनिवारी, पोर बरी झाली म्हणून, उपकारस्तुती. अगं, तू दवाखान्यात मावशी म्हणून कामाला होतीस. रोज आजारी माणसं बघायचीस. एक घास पोटात गेला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं, हे तुला कळायला नको? पण तुला भारी घाई. देवानं अजून काही दिलेलं नाही आणि तू आधीच आभार मानायला तयार! गुरुवारी पहाटे ती गेली. शुक्रवारी तिला पुरलं. आणि शनिवारी दुपारी टेम्पोतून खुर्च्या आल्या, कारण त्या नको म्हणून सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

निदान मला तसं वाटलं होतं. पाळकसाहेब आले, खुर्च्या बघून दारातच थांबले. म्हणाले, "बाई, आज नुसती प्रार्थना करू. उपकारस्तुती नको." तू चुलीपासून उठलीस. "न्हाय पाळकसाहेब. देवाला मी बोलावलंय. दारात आल्यावर माघारी कसं धाडू?" चाळीस माणसं बसली. बाबा मागच्या पडवीत तोंड फिरवून बसले, ते आत आलेच नाहीत. तू उभी राहिलीस आणि ठणठणीत आवाजात म्हणालीस, "देवा, तू नऊ वर्षं दिलीस. तुझं लय उपकार." मग माझ्याकडे वळलीस. "तू बी उभी ऱ्हा. बोल." मी उभी राहिले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. सगळी माणसं गेल्यावर तू म्हणालीस, "देवापुढं गप बसलीस. माझी मान खाली घातलीस." धाकटीची चप्पल अजून उंबऱ्याशी होती, आणि तुला तुझ्या मानेची पडली होती. हे मी तुला कधीच माफ केलं नाही, आई. पुढं आयुष्यभर तू मंडळीत साक्ष देताना सांगायचीस, "त्या दिवशी देवानं मला कशाला म्हणून कमी पडू दिलं न्हाय," आणि मी मागच्या बाकावर दात खात बसायचे.

कारण कमी पडलं होतं. चहात साखर नव्हती. कप मीच फिरवले. पहिला घोट घेऊन एकानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून कप संपवला. मग दुसऱ्यानं. उसाच्या मुलखातली माणसं, बशीत साखर उरेल इतका गोड चहा पिणारी, पण कुणी चकार शब्द काढला नाही. उरलेला चहा मी आत जाऊन प्यायले तेव्हा कडूझार होता.

आज माझ्या हॉलमध्ये तशाच खुर्च्या होत्या. पाळकांनी मला बोलायला सांगितलं. नवऱ्याबद्दल चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. ती राहिली बाजूला आणि तोंडातून निघालं, "देवा, तू नऊ वर्षं दिलीस." तुझेच शब्द! इतका संताप आला मला तुझा. मग बांध फुटला आणि मी सगळ्यांसमोर त्या बिनसाखरेच्या चहाची गोष्ट सांगितली, तो न बोलता पिणाऱ्या माणसांसाठी उपकार मानले. लासुर्ण्याच्या आपल्या शेजारीण मावशी आल्या होत्या, आता ऐंशीच्या पुढच्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला ठावं हाय की. मी दोन कप घेतलं व्हतं. तुजी आय माज्याकडं बघत व्हती, तवा आनिक मागितला." सगळे हसले, मीही हसले आणि रडले. मग किती तरी वर्षांनी मला बरं वाटलं. नवरा समोर बसला होता, श्वास घेत होता, हातात कप होता, आणि मला आणखी काहीही नको होतं. हेच तुझं ते समाधान असेल, तर मला ते मिळालं. तुझ्यावरचा राग न जाताही मिळालं.

एक गोष्ट मात्र तिथं सांगितली नाही. त्या शनिवारी चहा उकळत होता तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. तू साखरेचा डबा उघडलाच नाहीस, हे मी पाहिलं होतं. तू रिकामाच चमचा पातेल्यात ढवळलास, तेही पाहिलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही.