एफ-नाइन

४ ऑगस्ट १९९७
नंदिनी गावच्या खाण-ऑफिसात आम्हा दोघी टायपिस्टांतून एकीची बदली होणार. साहेब म्हणाले, "सिंधुताई कंप्यूटर टेस्ट में पास, तो जूनियर जाएगी. फेल, तो सिंधुताई." ज्युनियर मी. त्यांना शिकवायचंही मीच. नंदिनीला गेले तर दुर्गचा संध्याकाळचा कोर्स सुटेल.
तरी शिकवायला मी हो म्हणाले. पहिल्या दिवशी इथे मला खुर्ची नव्हती. सिंधुताईंनी आपली दिली आणि स्वतः स्टुलावर बसून टाइप करत राहिल्या. ते मी विसरलेले नाही.

५ ऑगस्ट
माउस सिंधुताईंच्या हातात स्थिर राहत नाही. दोन टिचक्यांच्या मधे बाण सरकतो. "साबनाची वडी आहे का वं हे? हातात राहूनच नाही राहिली."

६ ऑगस्ट
माउस वगळायचा. टेस्टला पगारपत्रक उघडून दाखवायचं, म्हणून त्याच्या चिन्हाला कळांचा शॉर्टकट दिला: कंट्रोल-ऑल्ट-पी. जमला नाही. पी येईपर्यंत आधीची बोटं सुटतात. "टाइपरायटरवर अशा कळा एकावक्ती दाबल्या का काड्या अडकतेत, शालू. जिंदगीभर हेच तं टाळलं." शिफ्टसारखी एक कळ धरणं जमतं. दोन नाही.

७ ऑगस्ट
शॉर्टकटच्या रकान्यात नुसती एफ-नाइन दाबून पाहिली — घेतली! एक कळ, पगारपत्रक समोर. त्यांनी ते पुन्हा पुन्हा उघडलं, बंद केलं. मग, "कशी बसवली, मले दाखव." टेस्टला याची गरज नव्हती. तरी माउसशिवाय सगळं दाखवलं.

११ ऑगस्ट
नंदिनीच्या बदलीचं आईला अजून सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट
टेस्ट. साहेबांनी त्यांना स्वतःच्या मशीनवर बसवलं. एफ-नाइन तर माझ्या मशीनवर बसवलेली! हे मला आधी सुचायला हवं होतं. सिंधुताईंनी कळ दाबली. काही नाही. मी दाराशी — बोलायची मनाई.
त्यांनी हात क्षणभर मांडीवर ठेवले. मग बाणाच्या कळांनी चिन्हावर गेल्या. ऑल्ट धरून एंटर; चिन्हाची माहिती उघडली. टॅब, टॅब, शॉर्टकटचा रकाना. एफ-नाइन. एंटर. पुन्हा एफ-नाइन — पगारपत्रक उघडलं.
"ये किसने सिखाया?"
"इसी लड़की ने, साहब. और कौन?"
सिंधुताई पास, म्हणजे जाणार मी. घरी येताना नंदिनीच्या बसची चौकशी केली. वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या कळा ऐकताना खूप बरं वाटलं होतं.

१८ ऑगस्ट
सिंधुताई म्हणाल्या, "साहेबाले सांगून आलो, नंदिनीले मीच जातो. आता कोन्याबी मशीनवर कळ बसवता येते मले. तू कोर्स पुरा कर."
कोर्सचं मी त्यांना कधीच बोलले नव्हते.
जाताना आपली खुर्ची माझ्या टेबलाशी लावून गेल्या.