जोडसायकलची पुढची सीट

५ जुलै. मेपल क्रीक. पहाटे.

आज टूर सुरू. अल्बर्टाच्या बाजूने निघून मॅनिटोबाच्या सीमेपर्यंत, कॅनडातला आमचा सगळा सस्कॅचवान प्रांत आडवा. गटातल्या बाकीच्यांच्या आपापल्या सायकली, आमची जोडसायकल. पुढच्या सीटवर मी. इतकी वर्षं तिथे माझा नवरा ओरेस्ट बसायचा आणि मी मागे, त्याच्या पाठीकडे बघत. तो जाऊन दीड वर्ष झालं. सीट खाली करून घेतली. इतकी खाली करावी लागेल असं वाटलं नव्हतं.

मागे आर्ने त्वाइत. एकटा राहणारा नॉर्वेजियन शेतकरी, ओरेस्टचा मित्र. ऐनवेळी याची सायकल मोडली म्हणे. मी म्हटलं, बस मागे, ओढते तुला.

माझ्या मुलीशी पैज आहे. डार्का रिजायना शहरात राहते. शेतावरचं घर विकून मी तिच्या इमारतीत जावं असं तिला वाटतं. म्हणाली, "आई, एकदाही त्या मागून येणाऱ्या मदतीच्या व्हॅनमध्ये न चढता सीमेपर्यंत पोचलीस तर घराचा विषय पुन्हा काढणार नाही. चढलीस तर ऑगस्टमध्ये सामान बांधायचं." मी म्हटलं, "तूच बांध तुझं." उत्तर फारसं बरोबर नव्हतं, पण जोरात दिलं.

संकल्प: कुणाची मदत घ्यायची नाही. दुखलं तरी बोलायचं नाही.

६ जुलै.

वारा पाठीवर. मी आधीच सांगितलं होतं. माझी शाळा आठवीत सुटली, पण वाचनालयातलं हवामानाचं पुस्तक दोनदा वाचलंय. जुलैत इथे वारा पश्चिमेचाच. ग्लेंडा म्हणाली, "स्टेफी, वाऱ्याने वाचलंय का ते पुस्तक?" सगळे हसले. ग्लेंडा आमची म्होरकी. जन्मभर शाळेची बस चालवली, आता आमच्यामागून व्हॅन चालवते आणि खिडकीतून हुकूम सोडते.

आज जराही दमले नाही. चढावर तर मुळीच नाही. हे माझ्यात होतं, कुणाला माहीतच नव्हतं. आर्ने मात्र घामाने निथळत होता. मागे बसून! ट्रॅक्टरवर बसून बसून माणूस मऊ पडतो.

८ जुलै. स्विफ्ट करंटच्या पुढे.

वारा पूर्वेचा. थेट तोंडावर. पुस्तक जुनं असावं.

असा वारा असला की सगळे एका ओळीत चालवतात. पहिला वारा खातो, बाकीचे त्याच्या आडोशाला. थोड्या वेळाने पहिला मागे जातो, दुसरा पुढे येतो. आमची पाळी आली तेव्हा मी मागे गेलेच नाही. वाटलं, बघू दे सगळ्यांना. ग्लेंडा खिडकीतून ओरडली, "पुरे आता! मारशील त्याला!" कुणाला म्हणाली ते समजलं नाही. वाऱ्याला म्हणाली असेल.

दुपारी पुढच्या गावाचं धान्याचं उंच कोठार दिसलं. म्हटलं, आलंच. जन्म इथे गेला तरी दर वेळी फसते. या सपाटीवर कोठार दिसतं तेव्हा गाव अजून कुठच्या कुठे असतं. ओरेस्ट म्हणायचा, "कोठाराकडे बघू नकोस, माझ्या पाठीकडे बघ." आज समोर पाठ नव्हती. कुठे बघायचं ते ठरेना.

१० जुलै.

वही ओली झालीय, अक्षर वाईट येईल.

चारच्या सुमारास आभाळ हिरवं झालं. हिरवं आभाळ म्हणजे गारा, हे इथे लहान पोरालाही कळतं. जवस निळा फुललेला, वर हिरवं, आणि एक पाखरू बोलेना. ग्लेंडाने व्हॅन आडवी घातली. "सायकली टाका, चढा सगळे!" सगळे चढले. मी नाही.

"स्टेफी, मरशील!"

"मेले तर घर विका. व्हॅनमुळे विकायचं नाही."

रस्त्याखालच्या मोरीत शिरले. मागोमाग आर्ने आला, वाकता येत नसताना. वर अंड्याएवढ्या गारा. मोरीत पाणी चढायला लागलं, घोट्यावर, मग पोटरीवर. मी म्हटलं, "तू कशाला आलास?" तो म्हणाला, "ओरेस्ट असता तर?" मी म्हटलं, "त्याने मला उचलून व्हॅनमध्ये टाकलं असतं." आर्ने म्हणाला, "माझ्याही मनात तेच आलं होतं, पण गुडघ्याने नाही म्हटलं."

पाणी गुडघ्यावर यायच्या आत गारा थांबल्या. मला भीती वाटली नाही. थंडीने दात वाजत होते.

१२ जुलै.

आर्नेचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टर म्हणाले, अति ताण. मी विचारलं, मागे बसून कसला ताण? आर्नेने गुडघ्यावरचा बर्फ नीट केला. नॉर्वेजियनांना विचारून उपयोग नसतो.

तो आता व्हॅनमध्ये. उद्या शेवटचा दिवस, मी एकटी. उलट बरंच, ओझं कमी झालं. लवकर पोचेन.

१३ जुलै. दुपार. रस्त्याच्या कडेला.

सायकल जात नाही. ग्लेंडाला सांगितलं, ब्रेक अडकलाय. तिने चाक उचलून फिरवलं. भिर्रकन फिरलं. मग व्हॅनचं दार तेवढं उघडं ठेवलं.

बाकीचे पुढे गेले. मी ढकलत चालले आहे. पायी चालण्याबद्दल पैजेत काही नाही. मागे व्हॅन, बैलामागून गुराख्याने चालावं तशी. दार उघडंच. एकदा त्या दाराच्या दांडीला हात लावला. फक्त लावला.

१३ जुलै. संध्याकाळ.

डार्का सीमेवर वाट बघत होती. ग्लेंडाने तिला फोन केला असणार. ती गाडी घेऊन उलटी आली. वाटलं, संपलं. तिने गाडी कडेला लावली आणि ऑफिसच्या बुटांनिशी मागच्या सीटवर चढून बसली. म्हणाली, "बस पुढे. भांडण नंतर."

सायकल निघाली! मी म्हटलं, "बघ, सुटला ब्रेक."

थोडं गेल्यावर मागून आवाज आला. "आई, तू पायडल मारतेयस का?"

"म्हणजे काय! पाय फिरताहेत की."

"ते फिरणारच. पायडलं एकमेकांना जोडलेली आहेत. मी मारतेय म्हणून तुझे फिरताहेत."

"तुला मागून काय कळतं?"

"पायात कळतं गं. लगेच कळतं."

लगेच.

प्रत्येक चढ संपला की ओरेस्ट मागे वळायचा. घामाने डोळे मिटलेले. म्हणायचा, "शाबास, स्टेफी. तू नसतीस तर मी चढलो नसतो."

मग मी दाबलं. जड असतं. फार जड असतं.

सीमेची पाटी आली. आर्ने गुडघ्यावर बर्फ धरून टाळ्या वाजवत होता, त्यामुळे बर्फ खाली पडत होता. पैज मी जिंकले.

परत येताना डार्काच्या गाडीत बसले, सायकल टपावर बांधून. तिने शब्द पाळला. रिजायना दिसायला लागलं तरी घराचा विषय काढला नाही. शेवटी मीच विचारलं, तुमच्या इमारतीत जोडसायकल ठेवायला जागा आहे का.