अवाकचं तोंड

३ जानेवारी १९९५
नव्या वर्षाची रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, बायकोला, प्रमिलाला तर मुळीच नाही. मुलांच्या मासिकात मी दहा वर्षं काढतोय त्या 'अवाक'वर तेलुगु पिक्चर होणार! चित्रं बघूनच प्रोड्यूसर भाळला. अवाकला तोंडच नाही, नाकाखाली नुसती सपाट कातडी. ज्या पोराला हात लावेल त्याचा आवाज जातो. आमची मेघना आठ वर्षांची घोडी झाली, तरी अंक आला की आधी त्या पानांना स्टेपलर मारून ती बंद करते. इथं आंध्रात, जामबागच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तराला आणखी काय हवं? संकल्प: एक रेघ बदलू देणार नाही.

१९ जानेवारी
प्रोड्यूसर वेंकटरत्नम यांच्याकडे स्टोरी सिटिंग. त्यांची पद्धत अशी की गोष्ट ऐकायला ड्रायव्हर, स्वयंपाकीण, अकाउंटंट सगळे बसतात. ते जिथं घाबरतील तो सीन कट, नाहीतर लेडीज ऑडियन्स येत नाही म्हणे. मी अवाक सांगितला. स्वयंपाकीण गंगम्मा मधेच उठून निघून गेली. वाटलं, जिंकलो! वेंकटरत्नम म्हणाले, "बच्ची की आवाज जाती सो सीन नक्को, सार."
एकच सीन. दिला. क्षुल्लक गोष्टीत मी अडत नाही.

२ फेब्रुवारी
व्हिलनला बडा नट मिळाला. डायलॉग नसतील तर करणार नाही म्हणतो. डायलॉगला तोंड लागतं. विचार केला. तोंड असलेला अवाक आतून जास्त भयानक होईल. हो म्हटलं. मिशी मात्र चालणार नाही, ठणकावून सांगितलं.

३ फेब्रुवारी
मिशी ठेवली.

२८ मार्च
मदर सेंटिमेंट घातलंय. लहानपणी जत्रेत आई हरवली म्हणून तो असा झाला. ऐकून डिस्ट्रिब्यूटर रडले. प्रमिला म्हणते, अहो, भांडा की जरा. तिला सिनेमातलं काय कळतंय? टायटलमध्ये माझं नाव येणार आहे. तोंडी ठरलंय.

११ जून
शूटिंग पाहिलं. अवाक पोरांबरोबर नाचत होता. मला आधी वाटलं, रिहर्सल असेल. वेंकटरत्नमना आज स्पष्ट बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. त्यांनी टिफिन मागवला. इडली छान होती. सोमवारी बोलेन.

२० ऑक्टोबर
रिलीज. गौलीगुड्याहून बसनं तिघंही गेलो. नाव दिसलं नाही. बहुतेक आम्ही सीट शोधत होतो तेव्हा येऊन गेलं. अवाक आला की थिएटर हसून लोटपोट. मागचं चारेक वर्षांचं पोर त्याला टाटा करत होतं. फार वाईट वाटलं.
असू दे. मासिक अजून माझ्या हातात आहे. डिसेंबर अंकात खरा अवाक परत आणतो. अख्खा आंध्र हादरला पाहिजे.

५ नोव्हेंबर, दुपारी
दोन रविवार घालवून काढला. पहिल्यासारखा, बिनतोंडाचा. मेघनापुढं ठेवला. घाबरली तर असू दे म्हणून प्रमिलाला शेजारी बसवलं.
मेघनानं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "बाबा, याचं तोंड काढायचं राहिलं."
मी म्हटलं, त्याला नसतंच, तू ह्यालाच भ्यायचीस. तर म्हणे, तेव्हा मी लहान होते.
"बिचारा," ती म्हणाली, "जेवणार कसा मग?"
मी चित्र लांब धरलं. खरं सांगायचं तर मलाही ते अर्धवटच वाटलं. पेन्सिल घेतली आणि ओठ काढून दिले. थोडे हसरे.