इंजिनात दोष नाही

रविवार, १४ तारीख, दुपारी

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असाल. इकडेही सगळं ठीक आहे.

सकाळी फोनवर तू नेहमीप्रमाणे विचारलंस, "दादा, झालं का माझं इंजिन?" मी म्हणालो, पत्राने सविस्तर कळवतो. तू हसलास. हस. फोनवर मी फार सफाईने बोलतो. कागदावर मला तेवढी सफाई जमत नाही, म्हणून कागद घेतला.

तुझं ते वीतभर मॉडेल-इंजिन तू स्वतः रंगवून पाठवलंस तेव्हा त्यात दोन दोष होते आणि दोन्ही तुझे. हिरवा रंग चिकटपट्टीबरोबर सोलून निघत होता, कारण रंगाआधी तू इंजिन साबणाने धुतलं नव्हतंस. बोटांचं तेल दिसत नाही, पण रंगाला ते बरोबर कळतं. दुसरा दोष नंबराचा. पाण्यात भिजवून चिकटवायच्या त्या छापील पातळ पट्टीच्या, डेकलच्या, भोवती चंदेरी झाक होती. तू डेकल खराब निघालं म्हणालास. डेकलचा काही गुन्हा नाही. मॅट रंग भिंगाखाली बघ, पॉलिशपेपरसारखा खरखरीत दिसतो. डेकलची पातळ कातडी त्याच्या टोकांवर बसते आणि खालच्या खळग्यांत हवा अडकते. बाहेर पडायला तिला वाट नसते. उजेड पडला की तीच चकाकते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, त्यावर डेकल, आणि सगळ्यात शेवटी मॅट. हे मला कुणी शिकवलं नाही. मॉडेलगाडीचे नऊ डबे वाया घालवून शिकलो.

मी सगळा रंग उतरवून पहिल्यापासून केलं. तेव्हा मॅट वॉर्निशच्या शेवटच्या हातावर पांढरं धुकं आलं. तुला मी सांगितलं, वॉर्निशचा डबा जुना निघाला. डबा नवा होता. बाबांना खोकला होता, वाफेचं भांडं दिवसभर चालू होतं आणि खिडकी बंद. दमट हवेत फवारलं की वॉर्निश पांढरं पडणारच. हे मी पोराटोरांना सांगत आलोय. पण खिडकी उघडता येत नाही. मागच्या वर्षी बाबा खिडकीतून गच्चीवर उतरले होते, हे तुला कळवलं नव्हतं.

दारालाही कुलूप असतं. किल्ली माझ्या गळ्यात दोरीला. रोज चार वाजायला आले की बाबा सदऱ्याची बटणं लावतात आणि दाराशी उभे राहतात.

"दार उघडा, माझी ड्यूटी आहे."

"बाबा, तुम्ही रिटायर झालात. अठरा वर्षं झाली."

"मग गाडीला सिग्नल कोण देणार? तुमचा बाप?"

खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसते, तेवढ्यात मी दूध, औषधं आणि थिनर आणतो. अर्धा तास म्हणजे अर्धाच. तिलाही तिची कामं आहेत. ती इंजिन बघून म्हणते, "काय हो, याला मुलगी बघायला न्यायचंय का? किती नटवताय!"

वाफेचं भांडं बंद झाल्यावर मी दुसऱ्यांदा रंगवलं. छोट्या, ते इंजिन असं झालं होतं की मीच अर्धा तास बघत बसलो. नंबर जणू रंगातच लिहिलेला. नख फिरवलं तरी कड लागत नव्हती.

ते पुरं झालं त्याच रविवारी तुझा फोन आला. "झालं का?" आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही रे, डेकलखाली फुगे आलेत."

का बोललो ते आधी माझं मलाच कळलं नाही. मग कळलं. इंजिन इथे यायच्या आधी तू दोन-दोन महिन्यांनी फोन करायचास. इंजिन आल्यापासून दर रविवारी करतोस. पंधरा मिनिटं. रंग, वॉर्निश, फुगे. त्या पंधरा मिनिटांत मी कुलुपाबाहेर असतो.

बोललो खरा, पण चांगल्या झालेल्या कामाला मी कधी वाईट म्हटलं नव्हतं. ते मला सोसवेना. म्हणून सोमवारी मी त्या निर्दोष इंजिनाचा रंग थिनरने पुसून काढला. आता निदान ते अपुरं आहे, हे खरं झालं. मला वेड लागलंय असं वाटलं ना? मलाही वाटलं.

परवा तिसऱ्यांदा पुरं झालं. पुन्हा तसंच, देखणं. मी थिनरची बाटली काढून ठेवली होती. तेवढ्यात चार वाजले आणि बाबा दाराकडे न जाता माझ्या टेबलाशी आले. माझ्या गळ्यातली किल्ली त्यांनी बोटाने हलवून पाहिली. म्हणाले, "तुम्ही सकाळपासून इथेच?"

"हो."

"रात्रीही तुम्हीच होतात. बदली आली नाही?"

मी म्हणालो, नाही.

"मग हलू नका. बदलीचा माणूस समोर उभा राहून सही करेपर्यंत केबिन सोडायची नाही. पण वर कळवा. न कळवता बसून राहाल तर चूक तुमची."

मला ते ओळखत नव्हते, छोट्या. कुणातरी अनोळखी सिग्नलवाल्याची त्यांना काळजी वाटत होती. मी बाटलीचं झाकण परत लावलं.

तर कळवतो. तीन वर्षं मी "मी आहे ना, तू काळजी करू नकोस" म्हणत आलो. अभिमान होता, दुसरं काही नाही. माझ्यासारखं कुणाला जमणार नाही असं वाटायचं. डबे रंगवणं नसेल जमत तुला, पण बाबांना भात भरवणं जमेल. गरम चालत नाही, चमचा छोटा लागतो. बाकीचं मी कागदावर लिहून भिंतीला लावतो.

मला आठ दिवस हवेत. कुठे जाणार, माहीत नाही. नुसतं रस्त्याने चालेन आणि घड्याळ घरी ठेवेन.

इंजिनात काही दोष नाही. पार्सलने पाठवणार नाही. न्यायला तू स्वतः ये, चारच्या आत. बाबांना मी सांगून ठेवलंय की बदली निघाली आहे. वर लिहिलेलं "सगळं ठीक आहे" तेवढं खोडून वाच.

किल्ली दोरीसकट तुझ्या हातात देईन.

अजून ड्यूटीवर असलेला,
तुझा दादा